बाद झालेल्याचं म्हणणं

गेल्या वर्षी श्रावणात माझा भाचा लॅपटॉप घेऊन घरी आला. तो एका कंपनीत नोकरी करतो आणि नोकरीतून उरलेल्या वेळात, म्हणजे मुख्यतः रात्री, एकट्यानं एक व्हिडिओ गेम बनवतो. चित्रं त्याची, गोष्ट त्याची, संगणकाला द्यायच्या सूचनाही त्याच्याच. दोन वर्षांच्या खटपटीनंतर पहिला टप्पा खेळण्याजोगा झाला होता. खेळ घडतो आरे कॉलनीत. पाड्यावर राहणारी दहा-बारा वर्षांची मुलगी, घरात आजी आजारी, बाहेर पाऊस, दिवे गेलेले. मुलीनं हातात बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यापर्यंत जायचं आणि रिक्षा घेऊन परत यायचं. वाटेत ओढा, बंद पडलेला गोठा आणि बिबट्या. ओढ्यात पडलं किंवा बिबट्यानं गाठलं की डाव संपला. पुन्हा घरापासून सुरुवात.

"मामा, खेळून बघ. नुसतं छान आहे म्हणू नकोस, खरं काय ते सांग," तो म्हणाला.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर महाराष्ट्रातल्या देशी खेळांचे नियम कसकसे बदलत गेले, याची टिपणं जुळवत बसलो आहे. शिवाय माझं बालपण आरेतल्या कर्मचारी वसाहतीत गेलं, वडील डेअरीत नोकरीला होते. तेव्हा या खेळावर बोलायचा अधिकार आपल्याइतका कुणाला, असं मला वाटलं. वीसेक मिनिटं खेळलो आणि दोन दिवसांनी सतरा मुद्द्यांचं टिपण त्याला पाठवलं. बिबट्या मोठा कर. कोपऱ्यात नकाशा घाल. आजीचे संवाद कमी कर. सुरुवातीला आरेचा थोडा इतिहास दे. मुलीच्या हातात बॅटरीऐवजी कंदील दे, जास्त शोभेल. अशा थाटाचं.

"थँक्स मामा," एवढंच उत्तर आलं. पुढचे तीन आठवडे त्यानं त्या खेळाला हात लावला नाही, हे मला बहिणीकडून कळलं.

मग मी ते टिपण पुन्हा वाचलं. सतरापैकी चौदा वाक्यांच्या शेवटी 'कर', 'घाल', 'दे' किंवा 'काढ' होतं. खेळताना मला काय झालं, हे एकाही वाक्यात नव्हतं. खरी गोष्ट अशी होती की मला ओढा ओलांडताच आला नव्हता. उडी मारायची म्हणून कळ दाबावी तर बॅटरी विझायची आणि मुलगी पाण्यात जायची. असा मी अकरा वेळा बाद झालो. पुढचा गोठा मी पाहिला तो भाच्यानं माझ्या हातातून लॅपटॉप घेऊन मला पलीकडे नेऊन सोडलं म्हणून. हे लिहायची मला लाज वाटली होती. ज्यानं खेळ बनवला त्याला उपयोगी पडेल अशी एकच माहिती माझ्यापाशी होती, आणि नेमकी तीच मी झाकून ठेवली होती.

खेळणाऱ्यानं खेळ बनवणाऱ्याला काय सांगावं आणि कसं सांगावं, हा प्रश्न संगणकाच्या जमान्यातला आहे असं मी तोवर समजत होतो. टिपणांची जुनी बाडं काढली तेव्हा लक्षात आलं की मी वर्षानुवर्षं गोळा करत होतो ती याच प्रश्नाची उत्तरं होती.

कच्चा लिंबू

सुरुवात घरापासूनच करतो. मुंबई शहरातले म्हशींचे गोठे बाहेर हलवावेत आणि शहराला स्वच्छ दूध मिळावं, या हेतूनं १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. तिच्यामागचं डोकं दारा खुरोडी यांचं. पुढे १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते वसाहतीचं उद्घाटन झालं. सुमारे १,२८७ हेक्टरांवर गोठ्यांची युनिटं, कुरणं, डेअरी, कर्मचाऱ्यांची घरं असा सगळा आराखडा कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेला. वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे तिथं आधीपासून होते. आराखडा काढताना त्यांचं म्हणणं विचारण्याची तेव्हा रीत नव्हती. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

आम्हा मुलांना आराखड्याशी देणंघेणं नव्हतं. दोन युनिटांमधली मोकळी जागा हे आमचं मैदान. तिथल्या क्रिकेटचे नियम ती जागाच ठरवायची. चेंडू गोठ्यात गेला तर फलंदाज बाद, कारण शेणातून चेंडू काढायला कुणी तयार नसे. गडी कमी असले की एक टप्पा आऊट. लपाछपीत चप्पल तुटली की 'टाइम प्लीज'. आणि धाकटी भावंडं मागं लागली की ती 'कच्चा लिंबू'. लिंबू खेळात असतो, धावतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही.

हा कच्चा लिंबू आला कुठून? पाच वर्षांचं पोर "सारखं माझ्यावरच राज्य येतं" म्हणून रडतं. नवा नियम काय हवा, हे त्याला सांगता येत नाही. त्याला फक्त काय होतंय ते सांगता येतं. नियम बाकीचे करतात. आजच्या व्हिडिओ गेममध्ये सुरुवातीलाच 'सोपं, मध्यम, कठीण' असं विचारतात, ते याच रडण्याला दिलेलं उत्तर आहे. 'टाइम प्लीज'ची जागा तिथं थांबवायच्या बटणानं घेतली आहे.

पण प्रत्येक रडणं ऐकायचं नसतं, हेही आम्हाला ठाऊक होतं. त्यासाठी 'रडीचा डाव' हा शब्द होता. तक्रार आणि रडी यांतला फरक आम्ही एका साध्या कसोटीवर करायचो: हाच डाव तू जिंकत असतास तर हा नियम मागितला असतास का? लिंबाची तक्रार या कसोटीला उतरते. पहिल्याच चेंडूवर बाद होऊन "हा ट्रायल बॉल होता" म्हणणाऱ्याची उतरत नाही.

गल्लीतल्या खेळाची एक मोठी सोय होती. बनवणारे आणि खेळणारे एकच. खेळ कंटाळवाणा झाला की पोरं घरी जायची, दुसऱ्या दिवशी नियम बदललेला असायचा. तक्रार आणि दुरुस्ती यांत एका रात्रीचं अंतर. खेळ वसाहतीबाहेर पडून गावोगावच्या संघांचा होतो, तेव्हा ही सोय संपते.

बसून राहिलेला गडी

हुतूतूच्या इतिहासात हे स्पष्ट दिसतं. आज आपण ज्याला कबड्डी म्हणतो त्याचे गेल्या शतकाच्या आरंभी प्रांतोप्रांती निरनिराळे प्रकार खेळले जात. त्यांत तीन मुख्य. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी, संघातले सगळे बाद होईपर्यंत बाहेर बसून राही. अमर प्रकारात गडी बाहेर जातच नसे, तो जागच्या जागी खेळत राही आणि प्रतिपक्षाला गुण मिळे. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला की आपला एक बाद गडी उठून आत येई.

मी स्वतः गुडघा जाईपर्यंत कबड्डी खेळलो. त्यामुळे या तीन प्रकारांकडे मी रेषेबाहेर बसलेल्या गड्याच्या बाजूनं पाहतो. गामिनीत संघातला सर्वांत चपळ चढाईपटू पहिल्याच मिनिटाला पकडला गेला, तर तो बाकीचा सगळा वेळ धुळीत बसणार. त्याच्यासाठी खेळ संपला. प्रेक्षक ज्याला पाहायला आले तोच बाहेर, म्हणजे त्यांच्यासाठीही निम्मा संपला. अमरमध्ये उलट अडचण. बाद होण्याची किंमतच नाही, मग अंग चोरून, जिवाच्या आकांतानं निसटावं कशाला? संजीवनीनं दोन्हींच्या मधली वाट काढली. बाद होणं झोंबलं पाहिजे, पण परतीची आशा राहिली पाहिजे. आणि ती परती आपल्या भिडूनं मिळवून दिली पाहिजे. बाहेर बसलेला गडी आता चढाईकडे डोळे लावून बसतो, ओरडतो, कारण पुढची सुटका त्याचीच आहे.

१९१८ च्या सुमारास महाराष्ट्रात या खेळाला एकसूत्री नियम देण्याची खटपट सुरू झाली. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं सुधारलेल्या नियमांनिशी मोठी स्पर्धा भरवली. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९९० मध्ये कबड्डी बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचली. या सगळ्या प्रवासात टिकली ती संजीवनीची कल्पना. आजच्या कबड्डीतही एक गडी टिपला की आपला एक आत येतो.

दुरुस्ती तिथंही थांबली नाही. गुण वाचवायचे असले की चढाईपटू नुसता रेषेला पाय लावून परत यायचा. पाहणारे जांभया द्यायचे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा सलग दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर चढाई करणारा बाद, असा नियम दिसू लागला. जांभई देणाऱ्या प्रेक्षकानं हा नियम सुचवला नव्हता. त्यानं फक्त जांभई दिली होती. तिचा अर्थ लावण्याचं काम नियम करणाऱ्यांचं होतं.

तीन वर्षांनी दुसरी आवृत्ती

खो-खोची गोष्ट आणखी बोलकी आहे, कारण तिथं दुरुस्त्या छापील पुस्तिकांतून झाल्या. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ च्या सुमारास समिती नेमून खो-खोला पहिले लेखी नियम दिले. त्याआधी मैदानाची हद्द, वेळ, गुण यांचा गावोगाव वेगळा हिशेब. १९१९ च्या सुमारास मैदान लंबवर्तुळाकार होतं, आज ते आयताकृती आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं जाणकारांची मतं गोळा करून १९३५ मध्ये आट्यापाट्या आणि खो-खोच्या नियमांची पहिली आवृत्ती काढली. १९३८ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांत, गुणपद्धतीत बदल करून दुसरी आवृत्ती आली.

या 'दुसऱ्या आवृत्ती'कडे मी पूर्वी छपाईचा तपशील म्हणून पाहत असे. आता ती मला मोठी गोष्ट वाटते. माणसं एकत्र बसली, विचार केला, पुस्तक छापलं, आणि तीन वर्षांनी पुन्हा बसून काही गोष्टी बदलल्या. व्हिडिओ गेमवाले आज जिला 'अपडेट' म्हणतात ती हीच. फरक इतकाच की मंडळाकडे खेळाच्या शिक्षकांची आणि संघांची मतं येण्याची काही वाट होती. मतं मागितली जात, म्हणून ती विचार करून दिली जात.

बनवणारा आणि खेळणारा

खेळ विकला जाऊ लागला की बनवणारा एकीकडे आणि खेळणारा दुसरीकडे अशी ताटातूट होते. आपल्या घराघरांत सुट्टीत मांडला जाणारा 'व्यापार' घ्या. नोटा, घरं, भाडं, तुरुंग. त्याचं मूळ अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंनी तयार केलेल्या आणि १९०४ मध्ये पेटंट मिळालेल्या एका खेळात आहे. जमीनमालक भाडं गोळा करून कसे गबर होतात आणि बाकीचे कसे बुडतात, हे लोकांना दाखवावं हा त्यांचा उद्देश. खेळ हस्तलिखित पटांवरून घरोघरी पसरला. खेळणाऱ्यांनी त्यात आपापल्या गावची नावं घातली. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर पंथीयांनी आपल्या शहराचे रस्ते घातले. तो पट चार्ल्स डॅरो यांच्या हाती लागला आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स कंपनीनं तो 'मोनोपॉली' म्हणून बाजारात आणला. मॅगीबाईंचं पेटंट कंपनीनं ५०० डॉलरना विकत घेतलं. खेळणाऱ्यांनी खेळ चांगला केला यात शंका नाही. पण बाईंना ज्याबद्दल लोकांना सावध करायचं होतं, तेच मिळवण्याची चटक त्या खेळानं लावली. खेळाची रंगत वाढवता वाढवता तो कशासाठी केला होता हे कुणी विचारलं नाही, की असं होतं.

माझ्या सतरा मुद्द्यांतही हाच दोष होता. बिबट्या मोठा करायला सांगताना, भाच्याला त्या बिबट्याकडून काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं.

व्हिडिओ गेमच्या आरंभीची एक घटना मला याच संदर्भात आवडते. १९७२ मध्ये अटारी कंपनीच्या अॅलन अल्कॉर्न यांनी 'पाँग' या खेळाचं पहिलं यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका दारूच्या गुत्त्यात नेऊन ठेवलं. थोड्याच दिवसांत यंत्र बिघडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न दुरुस्तीला गेले तर नाण्यांची पेटी तुडुंब भरून अडकली होती. यंत्राला दुसरं काही झालं नव्हतं. "खेळ बंद पडला" एवढंच सांगणारा निरोप आला होता, पण तो वेळेवर आणि नेमका आला, म्हणून त्याचा अर्थ जागेवर जाऊन लावता आला.

पुढे इंटरनेट आलं आणि अपुरा खेळच लोकांपुढे ठेवण्याची पद्धत पडली. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी 'माइनक्राफ्ट' २००९ मध्ये अर्धवट असतानाच खेळायला दिला आणि पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर २०११ मध्ये काढली. मधल्या काळात खेळणारे सांगत राहिले, तो बदलत राहिला. एका अर्थी ही आमच्या युनिटांमधल्या मैदानाचीच पद्धत, फक्त मैदान जगाएवढं. पण आमच्या मैदानात एक गोष्ट होती ती इथं नाही. तिथं ज्याच्याशी भांडलो त्याच्याबरोबरच दूध केंद्रावर बाटल्या आणायला जावं लागे. तोंड चुकवता येत नसे, म्हणून तोंड सांभाळावं लागे.

पुण्याची राजी

आपल्याकडचं एक उदाहरण भाच्यानंच मला पूर्वी सांगितलं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूनं 'राजी' नावाचा खेळ केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिघं तिचे संस्थापक. भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघालेली सर्कशीतली मुलगी राजी, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन, राजस्थानी वास्तुशिल्पाची आठवण करून देणारे महाल. २०१७ च्या अखेरीस त्यांनी खेळाचा एक तुकडा लोकांना खेळायला दिला आणि किकस्टार्टरवर १,२०,००० पौंडांची लोकवर्गणी मागितली. तिथला नियम असा की ठरलेली रक्कम जमली नाही तर काहीच मिळत नाही. रक्कम जमली नाही.

हिशेबाच्या वहीत हा पराभव. पण तो तुकडा खेळलेल्यांनी पैशाबरोबर किंवा पैशाविना आणखीही काही दिलं होतं: हे जग आम्हाला पुढे पाहायचं आहे, ही खूण. चमू थांबला नाही. पुढे एपिक गेम्स कंपनीचं अनुदान मिळालं आणि २०२० मध्ये 'राजी' बाहेर आली. त्या वर्षीच्या द गेम अॅवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठी तिला नामांकन मिळालं. दृश्यांचं भरपूर कौतुक झालं. त्याचबरोबर लढाया अडखळतात, शेवट अचानक येतो, असंही समीक्षकांनी आणि खेळणाऱ्यांनी सांगितलं. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात हालचालींवर आणि लढायांवर पुन्हा काम झालं होतं आणि पात्रं हिंदीत बोलू लागली होती.

इथं मला एक गोष्ट कळली. चांगलं काय ते सांगायचं, ते कडू औषधावर साखर म्हणून नव्हे. दुरुस्त्यांच्या भरात बनवणारा नेमकी तीच गोष्ट उडवून टाकू शकतो, म्हणून सांगायचं. राजीचे महाल चांगले आहेत हे कुणी बोललंच नसतं, तर लढाई सुधारण्याच्या नादात महाल लहान झाले असते.

पाड्यावरची आजी

सप्टेंबरच्या शेवटी मी भाच्याला दुसरं पत्र लिहिलं. सतराऐवजी चार मुद्दे.

"मी ६८ वर्षांचा, असे खेळ न खेळणारा माणूस आहे, हे धरून वाच. मी ओढ्यात अकरा वेळा पडलो. दर वेळी उडी मारायची होती आणि बॅटरी विझली. सहाव्या खेपेनंतर घरापासून पुन्हा चालत येण्याचा इतका वैताग आला की आजीचं बोलणं मी ऐकणं सोडून दिलं. तुझे संवाद लांब नाहीत, मी ते सात वेळा ऐकले. बंद गोठ्यातला अंधार काढू नकोस. तिथं पावसाचा पत्र्यावरचा आवाज आला तेव्हा मला वडिलांची रात्रपाळी आठवली."

या खेपेला लगेच उत्तर आलं, आणि ते आभाराचं नव्हतं, प्रश्न होता: "पडताना तू ओढ्याकडे बघत होतास की बोटांकडे?" मी आठवून पाहिलं. बोटांकडे. "मग ओढ्याची रुंदी ठीक आहे," त्यानं लिहिलं. मी पहिल्या टिपणात ओढा अरुंद कर म्हणून सुचवलं होतं. त्यानं तो तसाच ठेवला आणि दोन कळा एकमेकींपासून लांब नेल्या. दुखतं कुठं ते मला ठाऊक होतं. का दुखतं ते त्यानं शोधलं. मी आधी वैद्यालाच औषध सांगत बसलो होतो.

मग आम्ही दोघं एका रविवारी आरेतल्या ओळखीच्या पाड्यावर गेलो. ज्यांच्या वाटेवरचा खेळ आहे त्यांनी तो खेळावा, ही कल्पना त्याची. तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. ओढा तिनं पहिल्याच उडीत पार केला. मागं बसून तिची आजी पाहत होती. पडद्यावर बिबट्या दिसला, मुलगी पळाली, बिबट्या मागं, डाव संपला. पुन्हा तेच.

"पळते कशाला?" आजी म्हणाली.

"पळायचंच आहे, आजी. दुसरं काही करता येत नाही यात."

आजी भाच्याकडे वळली. "बाबा, आम्ही पळत नाही. दिसला तर उभं राहायचं. मोठ्यानं बोलायचं. पळालं की तो मागं येणारच. आणि रात्रीची एकटी पोर कोण पाठवतं? दोघं-तिघं जातात, बोलत बोलत."

"पण भीती नाही वाटत?"

"वाटते की," ती म्हणाली आणि थोडा वेळ गप्प राहिली.

तिच्या गप्प राहण्याला कारण होतं. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत बिबट्याचे हल्ले लागोपाठ झाले. २०२२ च्या दिवाळीत एक चिमुरडी गेली. पाड्यांवरचे लोक वाघोबाला मानतात आणि बिबट्याला घाबरतातही; त्यांच्या बोलण्यात या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. भाच्याच्या खेळात मात्र बिबट्या म्हणजे नुसती मागं लागणारी भीती होती. शहरातून पाहिलं की तसाच दिसतो तो.

आजीनं 'हे बदल' असं एकदाही म्हटलं नाही. असं असतं, आम्ही असं करतो, एवढंच सांगितलं. ७५ वर्षांपूर्वी या जमिनीचा आराखडा झाला तेव्हा असं सांगायला कुणी तिच्या आजीला बोलावलं नव्हतं. आताही संगणकावरच्या एका खेळासाठी बोलावणं आलं, एवढ्यानं फार काही फिटत नाही. पण परतताना भाचा बराच वेळ बोलला नाही, आणि हे गप्प राहणं श्रावणातल्या गप्प राहण्यापेक्षा वेगळं होतं.

त्यानं आजीचं अर्धंच ऐकलं, हेही सांगायला हवं. मुलगी एकटीच राहिली. "तिच्यासोबत कुणी असलं तर माझा खेळच उरत नाही, मामा. त्या रात्री घरात दुसरं कुणी नाही, हीच गोष्ट आहे." मला हे पटलं. सगळ्यांचं सगळं ऐकणारा बनवणारा मॅगीबाईंच्या पटासारखा आपला हेतू हरवून बसतो. पण पळायची कळ त्यानं काढली. तिच्या जागी बोलायची कळ आली. मुलगी मोठ्यानं बोलत चालते: आजीशी, स्वतःशी, शाळेत पाठ केलेले पाढे म्हणत. आवाज थांबला की झुडपात हालचाल होते. बिबट्या दिसला आणि ती उभी राहून बोलत राहिली तर तो थबकतो, बघतो, निघून जातो. घाबरून गप्प झाली तर डाव संपतो.

आणि डाव संपला तरी आता घरापासून सुरुवात नाही. वाटेत एक वाघोबाचं ठाणं आहे. तिथवर एकदा पोहोचलं की पुढे बाद झालेली मुलगी तिथूनच उठते. मी त्याला संजीवनी-गामिनीची गोष्ट सांगितली होती की हे त्याचं त्यालाच सुचलं, यावर आमचं एकमत नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्या पत्रातल्या 'सहाव्या खेपेनंतर वैताग आला' या वाक्यामुळे.

खेळ अजून पुरा झालेला नाही. कदाचित तो विकला जाईल, कदाचित पाच-पन्नास माणसांपुरताच राहील. गेल्या आठवड्यात त्यानं नवी आवृत्ती पाठवली. मी मुद्दाम कुणी शेजारी नसताना खेळलो. ओढा तिसऱ्या उडीला ओलांडला. पाढे म्हणत गोठ्यापर्यंत गेलो. आत अंधार होता, पत्र्यावर पाऊस वाजत होता. तो ऐकत मी बोलायचं विसरलो आणि बाद झालो.

त्याला तसं कळवलं आहे.